उन्हातला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना, हाताने फिरवायचा भोंगा आहे. नदीच्या वळणावर उंच काठाशी एक चौकी आहे, तिच्या ओट्यावर मला बोल्ट मारून बसवलेले आहे. जवळ यायला हरकत नाही. पण आधी सांगा, तुम्हाला कोणी पाठवले?

राग मानू नका. माझा स्वभाव पहिल्यापासून असा संशयी नव्हता. आता मात्र कोणी हँडलला हात घातला, की मी आधी त्याचा चेहरा बघतो, मग आभाळ बघतो, मग नदी. असे का झाले, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. बिडाचे अंग, आत पात्यांचा पंखा, पंख्याभोवती खाचा पाडलेला डबा आणि बाजूला दातेरी चाके. हँडल हळू फिरवले तर मी नुसता घोरतो. जोर लावला की माझा आवाज उठतो आणि नदीच्या पलीकडे जातो. कारखान्याचा फोरमन जरा बहिरा होता. त्याने मला पहिल्यांदा फिरवले तेव्हा बाकीचे सगळे कानांवर हात ठेवून उभे राहिले. तो मात्र मान डोलावत म्हणाला, "मला ऐकू आला ना, मग कुणालाही येईल. पाठवा याला."

मला चौकीवर आणले ते एकाच कामासाठी. नदीच्या वरच्या अंगाला डोंगरात पाऊस झाला, की तिथल्या ठाण्यावरून चौकीत फोन यायचा. पाणी आमच्यापर्यंत पोचायला थोडा अवकाश असायचा. तेवढ्यात चौकीदाराने मला वाजवायचे आणि लोकांनी उंचावर जायचे. चौकीदार एक सडपातळ, अबोल माणूस होता. सगळे त्याला चौकीदारकाका म्हणत. ते रोज सकाळी माझ्या चाकांत तेल सोडायचे आणि जुन्या फडक्याने माझे अंग पुसायचे.

चौकीवरून दोन वस्त्या दिसतात. टेकडीवर आहे ती वसाहत. तिथे दगडी जोत्यावरची घरे, डांबरी रस्ते आणि प्रत्येक घरापुढे बाग. खाली, नदीच्या कुशीत, आहे ती धुलाईवाल्यांची वस्ती. शहरातल्या दवाखान्यांच्या चादरी, खानावळींचे टेबलक्लॉथ आणि वसाहतीतल्या लोकांचे कपडे, सगळे तिथे धुतले जाते. मोठ्या भट्टीवर पाणी उकळते, सिमेंटच्या हौदांत कपडे आपटतात आणि दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी फडफडतात.

मला वाटायचे, या लोकांनी घरे बांधायला अशी जागा का निवडली असेल? समोर नदी दिसत असताना कोणी तिच्या तोंडाशी जाऊन राहते का?

याचे उत्तर मला दादांकडून मिळाले. दादा म्हणजे वस्तीतले सगळ्यात वयस्कर इस्त्रीवाले. गुडघे दुखायचे, तरी संध्याकाळी हळूहळू चढ चढून ते चौकीदारकाकांकडे चहाला यायचे. एकदा टेकडीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ती पाण्याची टाकी दिसते ना? तिच्याखाली माझं घर होतं. माझा जन्म तिथला."

"मग खाली कसे आलात?" काकांनी विचारले.

"आणलं. म्हणाले, वर बांधकाम काढायचंय, तुम्ही तात्पुरते खाली राहा. तुमचं काम पाण्याचं, तुम्हाला सोयीचंच पडेल." दादांनी बशीतला चहा फुंकला. "तात्पुरतं राहता राहता माझे दात पडले बघा."

मित्रांनो, नदीच्या तोंडाशी राहायला कोणी हौसेने जात नाही, हे मला त्या दिवशी समजले.

त्यानंतरच्याच पावसाळ्यात मोठा पूर आला. फोन वाजला, काकांनी हँडल धरले आणि मी जीव तोडून ओरडलो. वस्तीतला एकही माणूस मागे राहिला नाही. दादांना पाठुंगळी मारून आणले त्यांच्या धाकट्या मुलाने. वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्या तोच सांभाळायचा, म्हणून त्याला सगळे दोरीवाला म्हणत. त्याच्या मागे डोक्यावर बोचके आणि काखेत लेक घेऊन आली ती दादांची थोरली सून. ती धुलाईची भट्टी सांभाळायची, म्हणून ती भट्टीवाली मावशी. पाणी घरांत शिरले, भांडी वाहून गेली, पण माणसे वाचली. पाणी उतरल्यावर वस्ती चौकीवर आली. कोणी मला हात लावून बघितले, कोणी काकांचे हात धरले. मावशीच्या लेकीने माझ्या डब्यावर गाल टेकवला आणि म्हणाली, "हा गार आहे."

माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस.

मग एका कोरड्या, लख्ख उन्हाच्या दुपारी, चौकीचा कारभार बघणाऱ्या टेकडीवरच्या कार्यालयातले साहेब चौकीवर आले. त्यांच्या बुटांवर धूळ होती आणि बोलणे फार गोड होते. ते काकांना म्हणाले, "सराव घ्यायचाय. भोंगा वाजवा. लोकांना शाळेच्या मैदानात जमवा, आम्ही माहिती देणार आहोत."

काकांनी आभाळाकडे बघितले. "साहेब, पुराचे दिवस नाहीत हे."

"म्हणूनच तर सराव. पुरात सराव कसा घेणार?"

बोलणे बिनतोड होते. काकांनी मला वाजवले. वस्ती धावली. भट्टीखालचा जाळ तसाच ठेवून, इस्त्र्या उलट्या करून, पोरे कडेवर घेऊन सगळे टेकडीवरच्या शाळेत गेले. मैदानात त्यांना रांगेने बसवले आणि पाण्याचे ग्लास दिले.

आणि मग, मित्रांनो, वळणावरून एक पिवळे मशीन आले. माती उकरायचा पंजा असलेले. ते वस्तीत शिरले आणि टेकडीकडची घरांची ओळ त्याने एकेक करून आडवी केली. टेकडीवरच्या वसाहतीला नव्या पुलाकडे जायला सरळ रस्ता हवा होता आणि ती ओळ मधे येत होती. माणसे घरात असती तर गोंधळ झाला असता. म्हणून आधी घरे रिकामी करवून घेतली. माझ्या आवाजाने.

लोक परतले तेव्हा दादांच्या घराची एक भिंत तेवढी उभी होती आणि तिच्यावर खुंटीला त्यांची टोपी तशीच होती. मावशी ढिगाऱ्यातून पातेली काढत होती. मधेच थांबून तिने वर चौकीकडे बघितले. ती काकांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. त्या नजरेचे चटके मला आजही बसतात.

काकांना साहेबांचा बेत ठाऊक नव्हता. ते वस्तीत जाऊन तसे सांगून आले. लोकांनी ऐकून घेतले आणि आपापल्या कामाला लागले.

त्या दिवसापासून वस्तीतले कोणी चौकीवर आले नाही. दादांनी चहा बंद केला. सगळ्यांनी नदीकडे सरकून, पत्रे ठोकून, दाटीवाटीने नवी घरे उभी केली. त्यांच्या पाठीमागून नवा रस्ता गेला, तोही उंच भराव घालून. आता वस्तीच्या एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला भरावाची भिंत. चढून जायला एकच अरुंद वाट उरली. पूर्वी पाणी यायचे आणि मागच्या सखल जमिनीतून निघून जायचे. आता आलेले पाणी परातीत साठावे तसे साठणार, हे मला वरून स्पष्ट दिसत होते. रस्ता आखणाऱ्यांना ते दिसले नसेल का? दिसले असेल, असा माझा संशय आहे. सिद्ध करता येत नाही, एवढेच.

माझ्याकडेही दुर्लक्ष झाले. माझ्या अंगावर गंज चढला, खाचांत गांधीलमाशांनी घर केले. काका अधूनमधून तेल घालायचे, पण त्यांचा हात पूर्वीसारखा फिरत नसे. जणू माझी ओळख असल्याची त्यांना लाज वाटत होती.

आणि मग तो दिवस उजाडला. सकाळ होती आणि चौकीवर स्वच्छ ऊन पडले होते. डोंगरात मात्र आभाळ फाटले होते. फोन आला आणि काका धावतच ओट्यावर आले. त्यांनी गांधीलमाशांचे घर काठीने पाडले, दोन्ही हातांनी हँडल धरले आणि फिरवायला सुरुवात केली. आधी मी खोकलो, मग गंज झटकून ओरडलो.

टेकडीवर लोक गच्चीत आले. काहींनी बागेतल्या खुर्च्या आत घेतल्या, काहींनी मोटारी पुढच्या चढावर नेऊन लावल्या. त्यांचे तेवढ्यावर भागणार होते.

खाली वस्तीत कोणी हलले नाही. उलट लोक दारात येऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. काहींनी दारांना आतून कड्या लावल्या. कारण काय, ते मला तेव्हा दिसले. भरावाच्या रस्त्यावर परवापासून तेच पिवळे मशीन उभे होते. गटार साफ करायला आणले होते म्हणे. पण वस्तीला कसे कळणार? वर ऊन, रस्त्यावर मशीन आणि चौकीवर भोंगा. त्यांनी हे सगळे आधी एकदा बघितले होते.

काका धावत भरावापर्यंत गेले आणि हात हलवून ओरडू लागले. खालून कोणीतरी म्हणाले, "काका, या खेपेला कुणाची ओळ पाडायचीय?"

मग मावशी निघाली. पळत नाही, चालत. ती चढ चढून चौकीवर आली आणि काठाशी उभी राहून तिने नदी बघितली. पाणी अजून नेहमीच्या जागी होते, पण गढूळ झाले होते आणि त्यातून झाडाच्या ओल्या फांद्या वाहत होत्या. काका धापा टाकत परत आले.

"फोन कुणाचा आला?" तिने विचारले.

"वरच्या ठाण्याचा."

"साहेबांचा नाही?"

"नाही. माझ्या लेकीची शपथ."

"शपथ नको. तुमच्यावर माझा राग नाही, पण विश्वासही नाही. त्या मशीनच्या चाव्या मला आणून द्या. चाव्या माझ्या हातात आल्या की मी वस्ती हलवते."

काकांनी वाद घातला नाही. ते रस्त्यावरच्या मशीनकडे पळाले. मशीनवाला आधी तयार होईना. चाव्या दिल्या तर नोकरी जाईल, असे तो म्हणत असावा, कारण तो सारखा टेकडीवरच्या कार्यालयाकडे हात करत होता. मग त्याने नदीकडे बघितले. फांद्यांच्या जागी आता आख्खे झाड वाहत येत होते. तो काकांबरोबर स्वतःच चौकीवर आला आणि चाव्या त्याने मावशीच्या हातात ठेवल्या.

"मावशी, मागच्या वेळी मशीनवर मीच होतो," तो खाली बघत म्हणाला.

"माहीत आहे. तुमचा सदरा आमच्याच भट्टीत येतो." तिने चाव्या कमरेला खोचल्या. "आता खाली जा आणि पोरं उचलायला लागा."

मग ती माझ्याकडे वळली. तिने हँडल धरले. भट्टीत ओले कपडे ढवळून कमावलेला तो दणकट हात होता. तिने मला असे फिरवले, की फोरमनने ऐकले असते तर तोही दचकला असता. खालून लोकांनी बघितले. ओट्यावर साहेब नव्हता, काका नव्हते, त्यांच्यातलीच मावशी होती आणि दुसऱ्या हाताने ती चाव्यांचा जुडगा उंच धरून दाखवत होती.

तेव्हा कुठे दारांच्या कड्या निघाल्या.

त्या एकाच अरुंद वाटेने सगळी वस्ती चढू लागली. मशीनवाल्याने दादांना पाठीवर घेतले. दादांनी त्याला ओळखले की नाही, कोण जाणे. त्यांनी त्याच्या गळ्याभोवती हात घट्ट धरले होते, एवढे मी बघितले.

सगळे मात्र आले नाहीत. वस्तीने आपसात ठरवले होते, की एकाने मागे राहायचे. घरांवर लक्ष ठेवायला. मावशीचा दीर, तो दोरीवाला, राहिला. तो धुलाईच्या पाण्याच्या टाकीवर चढून बसला, तिथून रस्ता आणि घरे दोन्ही दिसत होती.

मावशीने वरून हाक मारली, "भावजी, या आता. चाव्या माझ्याकडे आहेत."

"दुसरं मशीन आलं तर?" तो खालून म्हणाला. "तुम्ही व्हा पुढं वहिनी. मी बघतो."

पाणी आले ते नदीसारखे आलेच नाही. तपकिरी भिंत सरकत यावी तसे आले. पहिल्यांदा हौद दिसेनासे झाले, मग दोऱ्या, मग पत्रे. भरावाने पाणी अडवले आणि ते वस्तीत गोल गोल फिरत चढू लागले. मावशी मला फिरवत होती. वाट पाण्याखाली गेली, वर येण्यासारखे कोणी उरले नाही, तरी ती फिरवत होती. टाकीचे खांब आधी एका बाजूला कलले. मग टाकी दिसली नाही.

काकांनी तिचे मनगट धरले तेव्हा ती थांबली. माझा आवाज मात्र लगेच बंद होत नाही. पंखा थोडा वेळ आपोआप फिरत राहतो.

दोरीवाला परत आला नाही. टेकडीच्या पायथ्याकडच्या एका बंगल्याच्या तळघरात पाणी शिरले आणि काही गालिचे भिजले, हेही सांगायला हवे, कारण पाऊस सगळ्यांसाठी तोच होता आणि नदीही तीच.

पाणी ओसरल्यावर साहेब चौकीवर आले. बरोबर बातमीदार होते. साहेब म्हणाले, "भोंगा वेळेवर वाजला होता. आमच्याकडून कसूर नाही. हे लोक ऐकतच नाहीत, त्याला आपण काय करणार?"

काका कोपऱ्यात उभे होते. आयुष्यभर अबोल राहिलेला तो माणूस पुढे आला आणि म्हणाला, "साहेब, याआधीचा भोंगा कशासाठी वाजला होता, तेही सांगा यांना."

साहेबांना घाईने दुसरीकडे जायचे होते. काकांची बदली शहरापलीकडच्या एका गोदामावर झाली. जाताना त्यांनी मला एकदा पुसले आणि फडके माझ्यावरच ठेवून गेले.

पुढे वस्तीने पुन्हा तिथेच पत्रे ठोकले आणि कार्यालयात साहेबांच्या जागी नव्या बाईसाहेब आल्या. वयाने लहान, चष्मेवाल्या. एका उन्हाच्या दिवशी त्या शिपायाला घेऊन चौकीवर आल्या आणि त्यांनी मावशीला बोलावून घेतले. म्हणाल्या, "सराव घ्यायचा विचार आहे."

तो शब्द ऐकून माझा पंखा आतल्या आत गोठला. इथेच, याच उन्हात, असाच गोड आवाज मी ऐकला होता. मावशीने त्यांच्या बुटांकडे बघितले, मग रस्त्याकडे. रस्त्यावर काही नव्हते. तरी ती म्हणाली, "घेऊ की. पण एक अट आहे. आम्ही सगळे वर जाऊ आणि तुम्ही माझ्या घरात बसा. आम्ही परत येईपर्यंत उठायचं नाही."

शिपाई म्हणाला, "अहो, बाईसाहेबांना असं बोलतात का?"

"चालेल," बाईसाहेब म्हणाल्या. "कुठलं घर?"

मावशीने मला फिरवले. वस्ती वर आली, पण पाठ करून नाही, मागे वळून वळून बघत आली. मी खालच्या त्या पत्र्याच्या घराकडे डोळे लावून बसलो होतो. खरे सांगतो, बाई कधी उठते याचीच मी वाट बघत होतो. त्या उठल्या नाहीत. सगळे परतल्यावरच त्या मावशीबरोबर चढ चढून वर आल्या. कपाळावर घाम होता. ओट्यावर बसून त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

"भरावावरून एक ट्रक गेला," त्या म्हणाल्या. "भांडी हलली, जमीन हादरली. मला वाटलं, आलं मशीन."

"आम्हाला रोज वाटतं," मावशी म्हणाली.

त्यानंतर बाईसाहेबांनी भरावाखालून पाणी निघून जायला मोऱ्या फोडायचे काम सुरू केले. चढायला दुसरी वाटही होते आहे. टेकडीवर घरे परत मिळतील, असेही कोणी म्हणते. मावशी म्हणते, मिळाली की बघू. माझेही तेच मत आहे. मोऱ्यांचे काम मधेच थांबते, तेव्हा मी रस्त्यावर कोण येते-जाते ते बघत बसतो.

मित्रांनो, माझी निगा राखा, मला तेल घाला, हे तर मी म्हणेनच. गंजलेला भोंगा कोणाच्या कामाचा? पण माझे खरे मागणे वेगळे आहे. मला खोटे वाजवू नका. आणि उद्या कुठे पूर आला, वादळ आले, आणि तिथले लोक सांगूनही हलले नाहीत असे तुमच्या कानावर आले, तर त्यांना अडाणी म्हणू नका. त्यांच्याकडे जा. त्यांना तिथे कोणी आणून बसवले ते विचारा. मागच्या वेळी घर सोडून परतल्यावर त्यांना काय दिसले, तेही विचारा. ते लगेच सांगणार नाहीत. तुमच्याकडे संशयाने बघतील. बघू द्या. तुम्ही जमिनीवर बसा आणि ते बोलेपर्यंत उठू नका.